‘प्रॉडक्ट’चा रिकामा रकाना

अंधेरीच्या ज्या इंजिनिअरिंग कॉलेजात मी इलेक्ट्रिकल शिकवायचो, तिथे शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टांचे चार प्रकार होते: ॲप्लिकेशन, प्रॉडक्ट, रिसर्च आणि रिव्ह्यू. हेतू काय, पद्धत काय, हे बघून प्रत्येक प्रोजेक्ट एका रकान्यात टाकायचा. कागदावर मोठं शास्त्रशुद्ध वाटायचं. प्रत्यक्षात निम्मे प्रोजेक्ट स्टेशनजवळच्या एका गाळ्यातून रिपोर्टसकट विकत यायचे, आणि तिथला दुकानदार पोरांना आधीच विचारायचा, “टाइप कौनसा चाहिए?” त्याचं वर्गीकरण आमच्यापेक्षा चोख होतं. रिव्ह्यू म्हणजे दहा पेपर वाचल्याची थाप आणि रिसर्च म्हणजे त्याच थापेला जोडलेला एक आलेख, हे त्याला आमच्या आधी कळलं होतं. आज मी नाक मुरडतोय खरा, पण तो तक्ता दर वर्षी मीच भरत होतो.

एका वर्षी तपासणी समिती येणार म्हणून विभागप्रमुखांनी तक्ता मागवला. चष्मा वर सरकवून म्हणाले, “अहो सर, प्रॉडक्टचा रकाना रिकामा? वाट लागेल आपली. ढकला ना एखादा तिकडे.” कुठला ढकलायचा याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. रकाना भरला की विभाग गुणवंत.

मी ढकलला तो दहिसरच्या एका मुलीचा प्रोजेक्ट. तिच्या चाळीत खालची टाकी रिकामी झाली तरी पंप चालू राहायचा आणि मोटर जळायची. दोनदा जळली, तेव्हा हिने फ्लशच्या टाकीतला तरंगणारा गोळा आणि वीज तोडणारा एक रिले घेऊन पेटी बनवली आणि पंपाला बसवली. पाणी संपलं की पंप आपोआप बंद. असली पेटी बाजारात मिळते, यात नवीन काय, असं आमचे विद्वान सहकारी म्हणाले. खरंच होतं. पण त्या वर्षीच्या सगळ्या प्रोजेक्टांत कुणाच्या तरी उपयोगी पडत असलेली वस्तू ती एकच होती.

ती मी आधी ॲप्लिकेशनमध्ये लिहिली होती. खोडून प्रॉडक्ट केलं. ॲप्लिकेशनला फोटो चालायचा; प्रॉडक्ट मात्र समितीसमोर टेबलावर ठेवावं लागे.

“सर, पेटी काढली तर मोटर कोण बघणार?” तिने विचारलं. “लोक आता पंप चालू करून निघून जातात. उभं राहायची सवयच गेलीय.”

“दोन दिवसांचा तर प्रश्न आहे गं. चाळीत सांगून ठेव.”

“फोटो लावूया ना, सर?”

“फोटो लावला तर प्रॉडक्ट होत नाही,” मी म्हणालो. इतकं मूर्ख वाक्य मी वर्गातही कधी एवढ्या ठामपणे बोललो नसेन.

समिती आली, काजू खाल्ले, टेबलांवरून फिरली. एका सदस्याने पेटी उचलून पाहिली, कुठल्या प्रकारात आहे एवढंच विचारलं आणि कागदावर बरोबरची खूण केली. गाळ्यातून आणलेल्या प्रोजेक्टांनाही तशीच खूण मिळाली. मुलीला उत्कृष्ट प्रॉडक्टचं बक्षीस दिलं. विभागप्रमुखांनी फोटोत तिच्याऐवजी स्वतः पेटी धरली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती पेटी न्यायला आली. “सर, मोटर गेली,” एवढंच म्हणाली. सकाळी कुणीतरी सवयीने पंप लावून कामावर निघून गेलं होतं. ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

रविवारी मी दहिसरला गेलो. नवी मोटर यायची होती, तोवर पाणी खालून वर नेणं चाललं होतं. अरुंद जिन्यात तिची आई भेटली. गुडघे आखडलेले, कमरेवर हंडा, एकेक पायरी चढत होती. मला वाट द्यायला ती भिंतीला चिकटून उभी राहिली. तिच्या मागून चढणाऱ्या मुलीने ओळख करून दिली, तशी हंडा सावरत हसली आणि लेकीबद्दल मालवणीत म्हणाली,

“सर, तुमच्यामुळे चेडवाक बक्षीस गावलां.”

मागे दोन बादल्या घेऊन मुलगी उभी होती. पेटी कुणाच्या हट्टापायी काढली, हे तिने आईला सांगितलं नव्हतं. मलाही सांगायचा धीर झाला नाही. वर गेल्यावर आईने त्या हंड्यातलं पाणी घेऊन माझ्यासाठी चहा टाकला, आणि मी तो प्यायलो.