ताटाच्या कडेचा घास

परक्या शहरातल्या वन-नॉर्थ भागात, खाण्याच्या गाळ्यांच्या हॉकर सेंटरमध्ये, तो रोज दुपारी माझ्या समोरच्या टेबलावर बसायचा. जेवण्याआधी भाताचा एक घास ताटाच्या कडेला काढून ठेवायचा. त्याला फोनवर मराठी बोलताना ऐकलं होतं, म्हणून मी एकदा विचारलंच, "गोग्रास का? इथं कुठली आलीय गाय?"

"मक्यापासून इथेनॉल काढलं की चोथा उरतो," तो म्हणाला. "परदेशात मांसासाठी पाळलेल्या गुरांना तो किती घालायचा, हे मी ठरवतो." मग भात कालवत राहिला. "माझं गणित जमलं की ती लवकर अंगानं भरतात, लवकर जातात. निदान माझ्याआधी जेवू देत."

ताटं उचलणारी आंटी जवळ आली की तो घाईनं उठायचा. त्या घासाचं पुढं काय होतं, ते त्याला बघायचं नसायचं.