चपलेखालची माती

सन दोन हजार तेरा. मी एकसष्ट वर्षांचा होतो. ही गोष्ट घरात सांगितली न्हाई, देवापुढंबी न्हाई. तुम्हाला सांगतो — का, ते विचारू नका.

दुष्काळ होता. कड्याच्या बाजूला चारा छावणीत आमच्या गावाची जनावरं होती. माझी लाल कंधारी गाय उन्हात, अन् शेजारी लिंबाच्या सावलीत शेवंताची जर्सी. शेवंता एकटी बाई, त्या एका गाईवर तिचं घर. मी दूध सोसायटीचा चेअरमन — चौथी शिकलेला, पण शब्द माझाच चालायचा. भर मीटिंगमध्ये म्हणलो, "ही विलायती बेणी आपल्याकडं टिकत न्हाईत." तर ही उठली. "आबा, तुमची कंधारी तांब्याभर देती. सोसायटीचं कॅन भरतंय कोण?" लोक हसले. मीबी हसलो — पण आत काय झालं, सांगू?

गुरांचा डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचा. म्हणालता, कंधारीचे गोचीड काढा, औषध लावा. ते शेजारच्या जर्सीवर चढले तर ताप येतो; गावरान रक्त हा ताप सोसतं, जर्सी सोसत न्हाई. मी लावलं न्हाई. मुद्दाम? तेव्हा न्हाई म्हणलो असतो. आज काय म्हणू?

मग एक दिवस शेवंता टँकरच्या रांगेत निघाली. "आबा, गाय चारा खाईना. डॉक्टर आला तर तेवढं दाखवा." दाखवतो म्हणलो. थोड्या वेळानं जर्सी मुतली — लाल, कोऱ्या चहासारखं. मला कळत होतं, हा गोचिडाचाच ताप. अशी दोन जनावरं मरताना बघितली होती. अन् एक, इंजेक्शनवर उठलेलंबी.

डॉक्टर दावणीदावणीनं येत होता. मी उठलो — पायानं त्या लालीवर माती ओढली, चपलेनं दाबली.

"ही चारा का खाईना, आबा?"

"माजावर हाय."

तो पुढं गेला. त्याची फटफटी दिसेनाशी होईपर्यंत मी उभा होतो. बरं वाटलं. लई बरं वाटलं.

शेवंतानं विचारलं. म्हणलो, "बघितली त्यानं. ऊन लागलंय म्हणला."

तिसऱ्या दिवशी सांजेला गाय मेली. शेवंता तिचं डोकं मांडीवर घेऊन मलाच म्हणाली, "तुमचंच खरं झालं, आबा." मी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो खुंटा मोकळा झाला. मी माझी कंधारी सोडली अन् लिंबाच्या सावलीत नेऊन बांधली.