पाण्यातल्या मावशी

आमच्या लोणावळ्याच्या बिल्डिंगमध्ये कुणीही नवं भेटलं, की शेजारच्या मावशी गॅलरीतून डोंगरापलीकडच्या धरणाकडे हात करून सांगायच्या, "माजं घर तितं हाय, पाण्याखाली." ऐकणारा हळहळायचा. मी मात्र जळायचे.

हो, जळायचे, खोटं कशाला बोलू! वडिलांच्या बदल्यांपायी माझं बालपण ट्रंकांमधून गेलं. "गाव कुठलं?" असं कुणी विचारलं, की मला अजून घाम फुटतो. आणि ह्या मावशी! लग्न होऊन तिथं नांदल्या जेमतेम चार-पाच वर्षं, मग गाव उठलं. मुलगा देहूरोडला डेपोत, घरात सगळं छान, तरी पावट्याची उसळ केली की म्हणणार, "आमच्या गावची चव न्हाई ह्याला."

"अहो, पण गाव बुडालं ना?" मी एकदा फणकारलेच.

"बुडालं म्हून माजं न्हाई व्हय?" एवढं बोलून त्या पानं वाढायला लागल्या.

उन्हाळ्यात धरण आटलं, की गावातली जोती उघडी पडायची आणि मावशी दर वर्षी तिथं जायच्या. एकदा मीही मागे लागून गेले. वाळलेला गाळ, त्यात घोट्याएवढ्या उंचीची दगडांची चौकट. मी सरळ एक जोतं ओलांडलं, तर मावशी कडाडल्या, "अगं बया! सखूच्या चुलीत पाय घातलास की! माघारी फिर, दारातनं ये." कसलं दार? नुसती हवा! पण तिथं जमलेली सगळी म्हातारी माणसं बोळातून वळसा घेऊन, "हाय का कोन घरात?" अशी हाक देऊन मगच आत शिरत होती. मावशी आपल्या जोत्यावर बसून प्रत्येकाला "या, बसा" म्हणत होत्या. मलाही म्हणाल्या, पण पाहुणी म्हणून. इतका हेवा मला आयुष्यात कुणाचा वाटला नव्हता.

गेल्या थंडीत मावशी गेल्या. यंदा पाणी उतरल्यावर त्यांच्या नातीला मीच घेऊन गेले, तिला वाटही ठाऊक नव्हती. मी दाखवलेलं जोतं तिनं पाहिलं आणि फोन उंचावून "हे आमचं गाव!" म्हणत सरळ आजीच्या स्वयंपाकघरात उडी मारली. आमचं म्हणे!

"अगं, चूल आहे तिथं! दारातून ये!" मी ओरडले.

पोर बिचारी मुकाट्यानं माघारी फिरली, वळसा घालून आली. मग जरा आदरानंच तिनं विचारलं, "काकू, यातलं तुमचं घर कुठलं हो?"

मी पाण्याकडे हात केला. "तिकडे. अजून वर आलेलं नाही."