बिनस्क्रूची डबी

माझ्या बायकोचं म्हणणं असं, की मी देवळात गेलो तरी देवाच्या आधी घंटा कशाला टांगली आहे ते बघतो. खोटं नाही. पुण्यात डिप्लोमा करून कॅनडात आलो आणि स्कारबरोच्या एका कारखान्यात मोटारींच्या सुट्या भागांचे साचे डिझाइन करण्यात तीस वर्षं घालवली. वाईट बनवलेली वस्तू दिसली की माझं डोकं फिरतं. आमच्या मायक्रोवेव्हला चोवीस बटणं आहेत, त्यातलं आम्ही एक वापरतो. उरलेली तेवीस कोणासाठी, असं मी दुकानातल्या मुलीला विचारलं होतं. तेव्हापासून बायको माझ्याबरोबर दुकानात यायचं टाळते.

मी रिटायर झालो त्याच्या पुढच्या वर्षी तिला कॅन्सर निघाला. केमोनं गाठ आटत होती, पण गाठीबरोबर बायकोही आटत चालली होती. पाणीसुद्धा पोटात ठरेना. फोडणीचा वास आला की ती वॉशरूमकडे धावायची, म्हणून मी फोडणी देणंच सोडलं. मळमळीच्या तीन प्रकारच्या गोळ्या झाल्या. शेवटी डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, की वजन असंच उतरत राहिलं तर पुढचा डोस देता येणार नाही. आणि मग त्यांनी गांजाचं नाव काढलं. सरकारची रीतसर परवानगी मिळते म्हणाल्या, औषध पोस्टानं घरी येतं.

मी उखडलोच. आमच्या घरात सुपारीचं खांडसुद्धा कोणी तोंडात टाकलेलं नाही. "गावच्या देवळामागे बैरागी ओढत बसायचे तेच ना हे?" मी बायकोला मराठीत विचारलं. ती म्हणाली, "अहो, मळमळतंय मला, तुम्हाला नाही." फॉर्मवर सही झाली.

पहिला प्रयत्न मी गॅरेजमध्ये केला. कागदाची सुरळी अशी काटेकोर वळली, की कारखान्यात पास झाली असती. तिनं एक झुरका घेतला आणि बरगड्या दुखेपर्यंत खोकली. "हे पुन्हा नको," एवढंच म्हणाली. गांजाचं पाकीट डाळीच्या डब्यांमागे जाऊन पडलं.

हे मी वॉटर्लूला नोकरी करणाऱ्या मुलाला फोनवर सांगितलं. त्या शनिवारी तो आला आणि त्यानं टेबलावर एक लाकडी डबी ठेवली. काडेपेटीपेक्षा थोडीशी मोठी. "बाबा, प्लीज, डोन्ट टेक इट अपार्ट," तो आधीच म्हणाला.

अपार्ट करायला त्यात स्क्रू तर हवा! मी डबी उलटीपालटी करून पाहिली. वर बाजूला सरकणारं पारदर्शक झाकण, त्याखाली खोबणीत बारीक जाळी. त्या जाळीवर चिमूटभर पाला पसरायचा. एका बाजूला श्वास ओढायची नळी, दुसऱ्या बाजूला बॅटरीचं भोक. बटण नाहीच. बॅटरी आत दाबून धरली की बारीक दिवा लागतो आणि जाळी तापते, बोट काढलं की बंद. बॅटरी हेच बटण! पाला जळत नाही, नुसता तापतो, त्यामुळे धूर नाही. जे काढून टाकता येईल ते कोणीतरी काढून टाकलं होतं आणि मग थांबलं होतं. कुठे थांबायचं हे कळायला मला वीस वर्षं लागली होती. ती बनवणारा समोर असता तर मी उठून त्याचा हात हातात घेतला असता. मुलाला ती कशी वापरायची हे इतकं सफाईनं कसं येत होतं, ते मात्र मी विचारलं नाही. काही प्रश्न न विचारण्यातच बापाचं भलं असतं.

बायकोनं दोन श्वास घेतले. खोकला नाही. अर्ध्या तासानं मी मऊ भात पुढे ठेवला तर चार चमचे खाल्ले आणि ते पोटात राहिले. मी वॉशरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडलो.

त्यानंतर वजन तेवढ्यावर टिकलं. मी वाढलं की ती खायची, पण औषध घेतल्यासारखी. आपण होऊन काही मागायची नाही. जन्मभर मला "मीठ बघा, पोळी वाढा" सांगणारी बाई गप्प जेवायची, याची मला मळमळीपेक्षा जास्त भीती वाटायची.

आणि मग खंडेनवमी आली. कॅनडात आल्यापासून मी ती चुकवलेली नाही. बेसमेंटमधली हत्यारं पुसून पाटावर मांडायची, हळद-कुंकू, अक्षता, फुलं वाहायची आणि दसऱ्यापर्यंत त्यांना विश्रांती द्यायची. त्या वर्षी मापं घ्यायच्या माझ्या जुन्या व्हर्नियरशेजारी मी ती डबीही बॅटरी काढून मांडली. एवढं जिनं केलं तिला नमस्कार नको? झेंडू मिळाला नव्हता, म्हणून ग्रोसरीतून आणलेली शेवंती वाहिली. कुंकवानं लाल केलेल्या अक्षता तर चांगल्या मूठभर वाहिल्या.

नवा डोस होऊन दोनच दिवस झाले होते. दुपारी तिला उमासे सुरू झाले. मी खाली धावलो, हात जोडून डबीची माफी मागितली, ती पुसली आणि वर आणली. पाला पसरला, बॅटरी दाबली. दिवा लागेना. दुसरी बॅटरी घातली. तरी नाही. बायको भांडं मांडीवर घेऊन डोळे मिटून बसली होती. सकाळपासून पाण्याचा घोटही पोटात राहिला नव्हता, आणि चार दिवसांनी दवाखान्यात वजन व्हायचं होतं.

मुलाला फोन लावला. त्यानं शांतपणे विचारलं, "बाबा, डिड यू पुट एनीथिंग इन इट?"

"मी कशाला काही घालू?" मी ओरडलो. आणि ओरडता ओरडता मला पाट आठवला.

फोन तसाच टाकला. डबी उलटी करून तळहातावर आपटली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा बॅटरीच्या भोकातून लाल झालेला तांदळाचा एक दाणा हातावर पडला. तो तळाशी आडवा बसला होता, बॅटरीला शेवटपर्यंत जाऊच देत नव्हता. बॅटरी दाबली आणि दिवा लागला. हुश्श! चोवीस बटणांचं यंत्र असतं तर मला ते दुकानात न्यावं लागलं असतं. आपल्यासारख्या गाढवाच्या हातीही ही जाणार, हे ती बनवणाऱ्यानं गृहीत धरलं असावं.

तिनं दोन श्वास घेतले, थोड्या वेळानं तिसरा. खुर्चीत मागे टेकली. चेहऱ्यावर हळूहळू रंग आला. मग तिनं मला विचारलं, "काय झालं होतं तिला?"

मी अपराध्यासारखा तळहात पुढे केला. सांगितलं, पूजा केली होती.

तिनं तो दाणा बघितला, माझ्याकडे बघितलं आणि हसायला लागली. कितीतरी आठवड्यांनी हसत होती. हसता हसता डोळे पुसले आणि म्हणाली, "अहो, एका दाण्यानं माझं काय होणार? वाटीभर तांदूळ लावा. आणि वर थोडं मेतकूट घाला, भूक लागलीये मला."