जोडीतली एक बांगडी

गिरजाबाई गेल्या हे मला पिठाच्या गिरणीत कळलं. चक्की चालू होती. सांगणारीने दोनदा सांगितलं आणि दोन्ही वेळा मी "काय?" असंच विचारलं. दळण तिथेच ठेवून घरी आले... त्याला आता महिना होऊन गेला.

गिरजाबाई आमच्या गल्लीतल्या कासारीण. वर्ध्याच्या बसस्टँडवरून आमची गल्ली पायी जवळ, म्हणून समुद्रपूर-आर्वीकडच्या बायका बाजाराला आल्या की त्यांच्याकडे हात भरून जायच्या. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांच्या एका बाजूला कल्हईवाले उस्मानचाचा आणि दुसऱ्या बाजूला चोळ्या शिवणारे नथ्थूजी. मग घरोघरी स्टील आलं आणि चाचांच्या जागी स्टीलच्या भांड्यांचं दुकान लागलं. पुढे नथ्थूजींच्या जागी तयार कपडे लटकायला लागले. आम्ही म्हटलं, जमाना बदलला, आणि मोकळे झालो. गिरजाबाई काही मोकळ्या झाल्या नाहीत.

एकदा मी बांगड्या भरत होते. एक खेड्यातली बाई पितळी गुंड कडेवर घेऊन स्टीलच्या दुकानासमोर घुटमळत होती आणि तो दुकानदार, गुंड मोडीत दे, स्टीलचा घे, म्हणून तिच्या मागे लागला होता. गिरजाबाईंनी माझा हात तसाच धरून ठेवत हाक मारली, "काऊन उभी हायेस वं उन्हात?"

"कल्हईवाला मेला का जी?"

"त्याले काय धाड भरली? घरी चहा पिऊन राह्यला. ठेव गुंड इथं, पुढच्या बाजाराले येजो."

चिठ्ठी देऊन उपयोग नव्हता. तिला वाचता येत नव्हतं आणि गिरजाबाईंनाही. त्यांनी हिरव्या जोडीतली एक बांगडी दोऱ्याने गुंडाच्या गळ्यात बांधली, दुसरी त्या बाईच्या हातात चढवली. "हिची बहीण इथं हाय. दाखवजो अन् गुंड नेजो. वाढली तर तुकडा आणजो."

तीच मग रीत पडली. कल्हईची भांडी, चोळीचे खण, सगळं गिरजाबाईंकडे यायचं आणि संध्याकाळी चाचा नि नथ्थूजी येऊन आपापलं काम घेऊन जायचे. बांगड्यांच्या पेट्या मागे सरकल्या, पुढे परातींचा ढीग. त्यांचा मुलगा प्रभाकर वैतागायचा. त्याला तिथे व्हिडिओ कॅसेटचं दुकान टाकायचं होतं.

"माय, हे दुकान हाय का मालधक्का?"

"टाकजो नं बाप्पा कॅसेटा. लोकायचं सामान हाय, ते तेवढं जाऊ दे."

सामान जायचं, पण तोवर दुसरं आलेलं असायचं. हे प्रभाकरला कळायला बरीच वर्षं लागली. मी एकदा विचारलं, बाई, कशाला हा पसारा? तर म्हणाल्या, "मास्तरीणबाई, त्या दोघायले संध्याकाळी यायले जागा पाहिजे नं एखादी." एवढंच. मोठं बोलणं त्यांना जमत नसे. मोठं वागणं मात्र मी त्यांच्या त्या आठ हाताच्या दुकानात पाहिलं.

तेरावं झालं आणि प्रभाकर घरोघर फिरला. "काकू, बांगडी दाखवून तुमची कल्हईची परात घेऊन जा. मले दुकान खाली करायचं हाय."

मी हात पदराखाली घेतला. म्हटलं, "सापडून नाई राह्यली रे बांगडी. पाहीन."

परवा गिरणीत रांगेला उभी होते. पुढच्या बाईच्या लाल बांगड्यांत एक निळी. तिच्या पुढचीच्या हातात एक जांभळी. तिने माझ्या हाताकडे पाहिलं, मी तिच्या. मग दोघींनी आपापले दळणाचे डबे पुढे सरकवले... लोकांचं सामान पडलंय म्हणून प्रभाकर बिचारा रोज दुकान उघडून बसतो. संध्याकाळी चाचा आणि नथ्थूजी येतात, काम असो नसो, आणि तोच दोघांसाठी चहा सांगतो.

माझ्या हिरव्या बांगड्यांत ती पिवळी अजून आहे. जरा सैल आहे, म्हणून भाकरी थापताना तिचा आवाज वेगळा येतो.