रुक्मिणीबाईंच्या घरची तपासणी

सारंगखेड्यात रुक्मिणीबाईंच्या दारातून उपाशी परत गेलेला माणूस अजून जन्माला यायचा होता. कापसाची गाडी मोडली म्हणून थांबलेला गाडीवान असो की गाव तपासायला आलेला सर्कल इन्स्पेक्टर, त्याच्यापुढे ताट यायचंच आणि ताटात तूपही असायचं. 'जेवून आलो' हे त्या घरात कुणी खरं मानत नसे. त्यांचे यजमान गिरधर पाटील म्हणजे तापीकाठचे गुजर शेतकरी, केळीची बाग, ऊस, कापूस सगळं होतं. घरात कशाची ददात नव्हती. पण ती इतरही गुजर घरांत नव्हती. रुक्मिणीबाईंची गोष्ट वेगळी होती. त्यांना माणसं जेवताना बघायचा नाद होता.

साल अठ्ठावन्न असेल. बडोद्याच्या कॉलेजातली इंदुमती वर्तक नावाची मुलगी दोंडाईच्याला आगगाडीतून उतरली आणि तापी ओलांडून गावात आली. बरोबर एक वळकटी, एक तागडी आणि काचेच्या नळ्यांची पेटी. ती प्रबंध लिहीत होती. शेताला पाणी आहे, गोठ्यात दुभतं आहे, तरी या काठच्या बायका पांढुरक्या का दिसतात आणि बाळंतपणात अंथरूण का धरतात, हा तिचा प्रश्न होता. त्यासाठी घरोघरी बाईचं खाणं तोलायचं आणि बोट टोचून रक्त तपासायचं.

बोट टोचायला बायका तयार झाल्या. दुखणं त्यांना नवं नव्हतं. पण भाकरी तोलायची म्हटल्यावर सगळ्यांनी हात झाडले. खाल्लेली भाकर मोजली की घरची बरकत जाते, हे लहान पोरालाही ठाऊक होतं. प्रत्येक घरी इंदुमतीला चहा मिळायचा आणि चहा संपला की वाट दाखवली जायची.

तिला पंखाखाली घेतलं ते रुक्मिणीबाईंनी, आणि त्यात त्यांचा स्वार्थ होता. धाकटी सून रंजना हिला दुसऱ्यांदा दिवस गेले होते. पहिल्या वेळी मूल हाती लागलं नव्हतं आणि रंजना कितीतरी दिवस उठली नव्हती. आताही नदीवरून हंडा आणताना ती अर्ध्या वाटेत खाली बसायची. रुक्मिणीबाईंनी अंगारा केला, दवाखान्यातलं कडू औषध झालं, नवस बोलून झाला. ही पोर आपल्या हातून जाते की काय, या भीतीनं त्यांना घास गोड लागत नव्हता. तेव्हा रंजनाच्या अंगात काय कमी आहे ते या मुलीची पेटी सांगत असेल, तर त्यांना ती घरात हवीच होती.

त्यांनी तागडी पाटावर ठेवली, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि जमलेल्या बायकांना सांगून टाकलं, "आते हाई देवनी तागडी शे. देव मोजस तवय बरकत जास नही."

गावाला ते पटलं. पण एक पंचाईत झाली. देवाच्या तागडीत शिळी भाकर कोण टाकणार? ज्या घरी तागडी जायची त्या घरी पहाटेपासून तूप कढायला लागायचं. कुठे डाळबट्टी, कुठे खापरावरचे मांडे, कुठे वेलची घातलेला शिरा. बायका ठेवणीतली लुगडी नेसून तागडीशेजारी बसायच्या. शिवाय ज्या घरी तागडी त्याच घरी इंदुमतीचं जेवण, आणि पाहुणीला एकटीला घास जाणार नाही म्हणून घरच्या सुनांनाही तिच्या पंक्तीला बसवलं जायचं. "रोजचंच करा हो," ती कळवळून सांगायची. "रोज हाईच ऱ्हास," बायका सांगायच्या आणि आणखी एक बट्टी वाढायच्या. रुक्मिणीबाईंच्या घरची पाळी आली त्या दिवशी तर त्यांनी असा बेत केला की इंदुमतीला वजनं उचलतानाही धाप लागली.

गावातली घरं होत आली तेव्हा तिनं आकडे मांडले. आकड्यांवरून सारंगखेड्याच्या बायका आखाड्यातल्या पैलवानासारख्या जेवत होत्या, आणि रक्त सांगत होतं की त्या अर्धपोटी आहेत. तिनं नळ्या पुन्हा धुतल्या, स्वतःचं बोट टोचलं. नळ्यांत काही दोष नव्हता. बडोद्याहून सरांचा निरोप आला, आकडे जुळत नसतील तर काम फसलं, परत या.

दुपारी ती वळकटी बांधायला बसली. रुक्मिणीबाई शेजारीच दादर ज्वारी पाखडत होत्या.

"काकू, मी उद्या निघते," ती म्हणाली. "रंजनाचं रक्त गावात सगळ्यांत कमी आहे. पण तिचं खाणं मी डोळ्यांनी पाहिलं. खाण्यात काही उणं नाही. म्हणजे दुखणं दुसरंच आहे आणि ते मला सापडत नाही. तसंच लिहीन मी."

रुक्मिणीबाईंच्या हातातलं सूप थांबलं. आपल्या घरात आधी गडीमाणसं जेवतात, मग पोरं, मग सालदार, मग ऐन वेळी टपकलेला पाहुणा, मग आपण. सुना त्यानंतर. गावभर ज्या ताटांचं नाव होतं ती कुणाच्या वाट्यातून उचलली जात होती, हे त्यांना त्या घटकेला लख्ख दिसलं. माणसं जेवताना बघायचा त्यांना नाद होता खरा, पण स्वतःच्या सुनांना जेवताना त्यांनी कधी बघितलं नव्हतं.

हे परक्या मुलीला सांगायचं म्हणजे घराची अब्रू वेशीवर टांगायची. न सांगावं तर ती खोटं घेऊन जाणार आणि रंजना आहे तिथेच राहणार. त्यांनी दाण्यांतून हात फिरवला, उगाच एकदोन खडे काढून फेकले आणि म्हणाल्या, "सकाय जाऊ नको. पन सकायपासून तू मन्ही पाव्हनी नही. मन्ही सून."

इंदुमतीला वाटलं, काकूंना माया लागली. ती हसून राहायला तयार झाली.

मायेचा अर्थ तिला दुसऱ्या दिवशी कळला. कोंबडं आरवायच्या आत उठवून, डोक्यावर पदर देऊन तिला पाण्याला पाठवलं. मग चुलीपुढे बसवलं. तिची पहिली भाकरी पाहून थोरली सून मीना तोंडाला पदर लावून इतकी हसली की तव्यावरची भाकरी करपली. गडीमाणसं जेवली, पोरं जेवली, सालदार जेवले. पोटात कावळे ओरडत असताना इंदुमती वाढत राहिली. एवढ्यात कापसाचा एक दलाल ओट्यावर आला आणि रुक्मिणीबाईंच्या तोंडून सवयीनं निघून गेलंच, "बठा, जेवीसन जा." एक भरलं ताट बाहेर गेलं. नाद असा एका दिवसात सुटत नाही.

मग त्या स्वतः चार घास जेवल्या. रोज त्या यानंतर जरा आडव्या व्हायच्या. आज भिंतीला टेकून तिथेच बसून राहिल्या.

तिघी सुना पातेल्याभोवती बसल्या. पातेल्यात खरवड होती, टोपलीत भाकरीचे तुकडे आणि वाटीत मिरचीची चटणी. मीनानं तुकडे वाटले. रंजनानं आपल्यातला मोठा तुकडा नव्या सुनेकडे सरकवला. "माले भूक नही," ती म्हणाली. तिच्या आवाजावरून कळत होतं की हे वाक्य तिच्या चांगल्याच सरावाचं आहे.

इंदुमतीनं भुकेनं पुढे केलेला हात मागे घेतला. कोपऱ्यातली तागडी ओढली आणि रंजनाचा वाटा पारड्यात ठेवला. मग ती डब्यात सगळ्यांत लहान वजन शोधायला लागली.

"हे रोजचं?" तिनं विचारलं.

मीना सासूकडे बघायला लागली. रुक्मिणीबाईंना मान वर करवेना. आयुष्यात इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

"रोजनं," त्या म्हणाल्या. "मन्ही सासू व्हती तवय बी रोजनं. लिख."

पुढचं काम भराभर झालं. रुक्मिणीबाईंनीच 'ही आता पाटलांची सून' असं गावभर सांगितल्यावर इंदुमतीला कोण शिरा वाढणार? घरोघरी ती सुनांच्या पंक्तीला, सगळ्यांच्या मागून जेवली, तोलत गेली, आणि वाळतही गेली. आकडे रक्ताशी जुळले. तिचा प्रबंध तरला.

पण रुक्मिणीबाईंना प्रबंधाचं काय सोयरसुतक? रंजनाचा वाटा तोलला त्याच आठवड्यात एका दुपारी गडीमाणसं हात धुऊन पाटावर बसली, तर पहिलं ताट त्यांच्यासमोरून आत गेलं, रंजनापुढे. दुसरं मीनापुढे. गिरधर पाटलांनी भुवया वर केल्या.

"तपासनी चालू शे," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "पहिले सुनास्नं जेवन मोजनं पडस. जरा थांबा."

आता शास्त्राचं काम म्हटल्यावर बोलणार कोण? पाटील ओले हात घेऊन बसून राहिले. तपासणीत असा काही नियम नाही, हे सांगायला इंदुमतीनं तोंड उघडलं, मिटलं आणि मुकाट्यानं पारड्यात वजन टाकलं.

होळीच्या आधी ती तागडी घेऊन बडोद्याला परत गेली. तपासणी संपल्याचं मात्र रुक्मिणीबाईंनी घरात कुणाला सांगितलं नाही. जेवणाच्या वेळी त्या आतलं दार लोटून घ्यायच्या. पहिली ताटं सुनांची, त्यांवर डाळ, भाजी, गूळ, आणि समोर स्वतः रुक्मिणीबाई, पानातलं काही उरू न देण्यासाठी. पावसाळ्यात रंजनाला मुलगी झाली, चांगली गुटगुटीत. सव्वा महिन्यानं रंजना नदीवर गेली आणि हंडा घेऊन कुठेही न बसता घरी आली. रुक्मिणीबाई त्या दिवशी दारात उभ्या राहून सगळ्यांसमोर रडल्या.

सालं गेली, पोरं शाळेत जायला लागली, पण आतलं दार लागतच राहिलं. यात्रेच्या एका मोसमात घोड्यांचा एक जुना व्यापारी पाटलांकडे उतरला होता. दोघं हात धुऊन ओसरीवर बसले. आतून सुनांच्या हसण्याचा आवाज येत होता आणि ताटांचा पत्ता नव्हता.

"थांबा शेठ," पाटील म्हणाले. "आमना घरमा तपासनी चालू शे. पहिले सुना, मंग आपन."

"अजून? मागल्या खेपेला पण चालूच होती की."

पाटलांनी दाराकडे एकदा बघून घेतलं आणि आवाज खाली आणला. "तागडी त कवयनीच गयी. पन माले ते मालूम शे, हाई तिले मालूम नही. तुम्ही बी सांगू नका."

आणि पदरानं घाम पुसत रुक्मिणीबाईंनी दार उघडेपर्यंत दोघं भुकेले मुकाट बसून राहिले.