एका मापाचे दगड

विष्णुपंत शेणोलीकर यांचं आयुष्य सांगलीतल्या एका खाजगी दवाखान्यात औषधं मिसळण्यात गेलं. बाटलीवर मात्रेची पट्टी चिकटवायची, रोग्याला "हलवून घ्या" म्हणायचं आणि पुढच्याला हाक मारायची. मिश्रणात जरा गढूळपणा राहिला तरी ते मोरीत ओतून देत. डॉक्टर म्हणत, अहो, चालेल. विष्णुपंत म्हणत, दिसतं आहे ना.

लढाईमुळे परदेशी औषधं यायची थांबली, दवाखान्याचं काम निम्म्यावर आलं आणि १९४२ साली विष्णुपंत घरी बसले. घर विश्रामबागेच्या पलीकडे होतं. तिथं त्या वेळी दोन बंगल्यांच्या मधे जोंधळ्याचं शेत लागायचं. बांधकामाच्या वेळी चुना भिजवायला खणलेला खड्डा त्यांनी दगडांनी बांधून घेतला, पाणी भरलं, कमळाचे कंद लावले आणि डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून नदीतले बोटाएवढे मासे आणून सोडले. मूलबाळ नव्हतं. घरात ते आणि त्यांच्या पत्नी पद्माबाई, एवढीच माणसं.

वर्षभरात हौदाचं पाणी हिरवं झालं. वर शेवाळ नव्हतं. सगळं पाणीच कोथिंबीर वाटून कालवल्यासारखं झालं होतं. वीतभर खाली हात घातला तर आपलीच बोटं दिसत नसत. त्या थंडीत पद्माबाईंनी हौदाच्या बाजूची खिडकी लावून घेतली.

"खाली कुणीतरी आहे," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"ते कळलं असतं तर खिडकी कशाला लावली असती?"

हे त्यांनी तांदूळ निवडत सांगितलं. पद्माबाई घाबरट नव्हत्या. प्लेगाच्या साथीत शेजाऱ्याच्या घरातून मेलेले उंदीर त्यांनी स्वतः काढले होते. पण यानंतर त्यांची झोप गेली, मग जेवण गेलं. विष्णुपंतांनी एकदा मजूर लावून हौद उपसला. तळाशी चिखल, कंद आणि तडफडणारे मासे निघाले. पद्माबाईंनी दारातून पाहिलं आणि म्हणाल्या, पाणी काढलं की ते जातं, पाणी आलं की येतं. हौद बुजवून टाकू, असं विष्णुपंत म्हणाले तेव्हा त्या पहिल्यांदा आवाज चढवून बोलल्या. त्याच्या अंगावर माती टाकायची आणि त्यावरून आपण चालायचं, तसल्या जागेत मी राहणार नाही.

पद्माबाईंचे धाकटे भाऊ नारायणराव वाईहून आले, बहिणीचे काटकुळे हात पाहिले आणि विष्णुपंतांना बाजूला घेऊन म्हणाले, "दसऱ्याला येतो. तोवर काही फरक पडला नाही तर ताईला कायमची घेऊन जातो. राग मानू नका."

विष्णुपंतांनी राग मानला नाही. पाणी भरलेलं असताना तळ दिसला पाहिजे, एवढंच काम आहे, असं त्यांनी ठरवलं. तळ दिसला की तिथं कोणी नाही हेही दिसेल. पाणी गाळणं त्यांना नवं नव्हतं.

त्यांनी तेलाचं एक रिकामं पिंप आणलं, चौथऱ्यावर बसवलं आणि त्याच्या बुडाला तोटी लावून घेतली. हातपंपाने हौदाचं पाणी पिंपात चढवायचं, ते आतल्या थरांतून झिरपून तोटीवाटे पुन्हा हौदात पडायचं. प्रश्न एवढाच होता की पिंपात भरायचं काय. बारीक वाळू भरली. ती लगेच तुंबली आणि पाणी पिंपाच्या काठावरून वाहू लागलं. जाड वाळूतून हिरवं पाणी हिरवंच बाहेर आलं. कोळसा चांगला, पण त्या दिवसांत पेट्रोलच्या टंचाईमुळे मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत आणि जावळीच्या बाजूचा सगळा कोळसा त्यांच्याकडे जाई. एका हलवायाकडून टोपलीभर मिळाला. चार दिवस पाणी निवळल्यासारखं वाटलं, मग कोळशाचा जोर संपला. काथ्याने पाण्याला चहाचा रंग आला. विटांचे तुकडे विरघळून लाल राड झाली.

"आज कुठला काढा?" पद्माबाई स्वयंपाकघराच्या दारातून विचारत. एवढं बोलायची ताकद त्यांच्यात उरली होती.

उन्हाळ्यात कृष्णेचं पाणी खाली गेलं. एकदा नदीवर उभे असताना विष्णुपंतांच्या लक्षात आलं की दगडांच्या फटींतून वाहणारं पाणी नितळ आहे आणि दगड मात्र बुळबुळीत आहेत. म्हणजे पाण्यातली हिरवळ अडवायची नसते, तर दगडांवरच्या त्या बुळबुळीला ती खायला द्यायची असते. जाड वाळू त्यांनी घासून धुतली होती, तिथंच चुकलं. आणखी एक गोष्ट त्यांनी ठरवली. दगड लहानमोठे असले की लहान दगड मोठ्यांच्या फटीत बसतात आणि पाण्याची वाट बंद होते. म्हणून दगड एका मापाचे हवेत.

रसूल गाडीवान नदीवरून वाळू आणि गोटे आणून बांधकामांवर टाकायचा. विष्णुपंतांनी त्याला बोलावून सांगितलं, "लिंबाएवढे दगड. गोल, कंगोरा नको. सगळे एका मापाचे. आणि धुऊ नकोस."

"आवं कंपाउंडरसाहेब, दगडं हायती ती, लिंबं न्हाईत. देव काय माप लावून पाडतो व्हय?"

"शोधलेस तर मिळतील."

"शोधतो की. तुमच्या बाटलीगत मापाचं पायजेत, न्हवं?"

वैशाखात रसूलने गाडी रिकामी केली. दगड खरोखर एका मापाचे होते. काळे, गुळगुळीत, मुठीत बसतील असे. विष्णुपंत खूश झाले. कुठं मिळाले, त्यांनी विचारलं.

"नदीत. एकाच जागी ढीग हाय. लय वर्सांचा."

त्यांनी पुढे काही विचारलं नाही. दगड पिंपात रचले आणि सकाळ-संध्याकाळ पंप मारू लागले.

पाऊस सुरू व्हायच्या आत पाणी निवळलं. आधी कमळाचे देठ दिसू लागले, मग माशांच्या सावल्या, मग तळाच्या फरशीचे सांधे. पद्माबाईंनी खिडकी उघडली. काठावर येऊन त्यांनी बराच वेळ खाली पाहिलं आणि आत जाऊन भाकरी थापली. त्या रात्री त्या झोपल्या. हळूहळू अंगावर मांस धरू लागलं. दुपारी त्या हौदाच्या काठावर बसू लागल्या. तिथं त्या पाहत नसत, शेजारच्या घरातलं बोलणं कानावर यावं तशा मान तिरकी करून बसत.

कावळे त्याच सुमाराला यायला लागले. ते पिंपाच्या समोर कुंपणाच्या भिंतीवर ओळीने बसत. ओरडत नसत. पद्माबाई भाकरीचे तुकडे टाकत, त्याला शिवत नसत. दगडांत किडे झाले असतील, असं विष्णुपंत म्हणाले. ते शक्य आहे. पण कावळ्याला किडा टिपताना कोणी पाहिलं नाही.

आषाढात विष्णुपंतांच्या वडिलांचं श्राद्ध असे. त्यासाठी गंगाधरभट आले. नदीवर दहाव्या-बाराव्याचे विधीही तेच करत. काकबळीचं पान भिंतीवर ठेवलं. कावळे तिथंच होते. एकही पानाकडे वळला नाही. सगळ्यांच्या चोची पिंपाकडे होत्या.

गंगाधरभट थोडा वेळ कावळ्यांकडे पाहत राहिले. मग पिंपाजवळ गेले, आत हात घालून एक दगड काढला, दुसरा काढला, आणि दोन्ही परत जागेवर ठेवले. खाली टाकले नाहीत.

"हे कुठून आणलेत?"

"नदीतून."

"नदी मोठी आहे, विष्णुपंत."

विष्णुपंतांनी पिंपातल्या दगडांकडे पाहिलं. त्यांना समजलं होतं.

माणूस गेला की स्मशानात खांद्यावरचं पाण्याचं मडकं एका खड्याने फोडतात. तो जीवखडा. दहा दिवस गेलेला माणूस त्या खड्यात आहे असं धरून त्यावर तिळाचं पाणी सोडतात आणि दहाव्याला तो नदीत टाकतात. खडा कोणी मापून घेत नाही. खाली वाकायचं, मुठीत बसेल असा, हाताला न टोचणारा एक उचलायचा. पिढ्यान्‌पिढ्या माणसं तसाच खडा उचलत आली आणि घाटाच्या त्याच पायरीवरून, तेवढ्याच अंतरावर टाकत आली. नदी सगळ्या मापांचे दगड आणते. एका मापाचे तिथंच सापडायचे होते. विष्णुपंतांनी आपल्या वडिलांचा खडाही त्याच पायरीवरून टाकला होता.

"परत नेऊन सोडा," गंगाधरभट म्हणाले.

"ती जेवायला लागली आहे हो."

"ते दिसतंय. पण आता नदीला पूर आहे, तिथवर कोणी जाऊ शकणार नाही. सर्वपित्रीच्या आत सोडा म्हणजे झालं."

रसूलला बोलावलं तेव्हा तो कावळ्यांकडे पाहत म्हणाला, "आमच्यात माती देत्यात, साहेब. मला कसं ठाव असनार? पर मी म्हनलो व्हतो, देव माप लावून पाडत न्हाई."

दगड काढले की पाणी पुन्हा हिरवं होणार आणि दसऱ्याला नारायणराव येणार, हा विष्णुपंतांपुढचा पेच होता. त्यांनी छपरावरची पक्क्या भाजणीची फुटकी कौलं उतरवली, त्यांचे लिंबाएवढे तुकडे केले, कडा घासल्या आणि ते दगडांच्या मधे मधे खुपसले. दगडांवरची बुळबुळ कौलांवर चढेल, मग दगड काढता येतील. श्रावण गेला, गौरी-गणपती गेले. कौलं हळूहळू काळपट, निसरडी झाली. पद्माबाईंना त्यांनी काही सांगितलं नाही.

पूर ओसरल्यावर रसूल गाडी घेऊन आला. विष्णुपंत दगड एक एक काढून घमेल्यात ठेवू लागले. पद्माबाई बाहेर येऊन उभ्या राहिल्या.

"पोचवायला निघालात?"

विष्णुपंतांचा हात थांबला. "तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? आले त्या दिवसापासून ठाऊक आहे."

"मग भीती नाही वाटली?"

"आधी ते एकटं होतं, तेव्हा वाटायची. मग त्याला सोबत आली." त्या पाण्याकडे पाहून म्हणाल्या, "आता तेही जाईल यांच्याबरोबर. जाऊ दे. किती दिवस राहील?"

उरलेलं काम खरं तर लवकर व्हायला हवं होतं, पण विष्णुपंत प्रत्येक दगड हातात फिरवून पाहू लागले. वडिलांचा खडा त्यांना नीट आठवत होता. काळा, मधून एक पांढरी शीर गेलेली. निम्म्याअधिक दगडांत पांढरी शीर होती. रसूल जुवाला टेकून उभा होता.

"साहेब, दिस मावळतोय. काय हुडकताय?"

"काही नाही."

शेवटी एकही ओळखता आला नाही. सगळे दगड घाटावर नेले आणि त्या पायरीवरून पाण्यात सोडले. गंगाधरभटांनी वर तीळ टाकले.

कौलांनी काम केलं. पाणी नितळच राहिलं आणि कावळे यायचे बंद झाले. दसऱ्याला नारायणराव आले, बहिणीने वाढलेलं श्रीखंड दोनदा मागून घेतलं आणि एकटेच वाईला परत गेले. जाताना भाऊजींच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "जिंकलंत."

पद्माबाई पुढे पुष्कळ वर्षं ठणठणीत राहिल्या. हौदावर त्या कपडे वाळत घालण्यापुरत्या जात. विष्णुपंत मात्र दुपारचं जेवण झालं की तिथं जाऊन बसत, त्या ज्या जागी बसत असत तिथंच. पाणी स्वच्छ होतं, तळाच्या फरशीचा सांधा न्‌ सांधा दिसत होता, वरून मासे फिरत होते. दिवेलागणीला पद्माबाई बोलवायला जात.

"काय आहे तिथं?"

"काही नाही."

"काही नाही ते इतका वेळ बघायला लागतं का? उठा. आमटी निवते आहे."

ते लगेच उठत नसत. हात वर करून त्यांना जरा गप्प राहायची खूण करत आणि मान तिरकी करून बसत.